आधी ठेकेदार, मग वेबसाइट

सांगली-मिरज परिसरातून आलेल्या पत्रांपैकी यावेळी आम्ही एकाच विषयाची निवडली आहेत: आपल्या भागातल्या व्यावसायिकांना गिऱ्हाइकांच्या चौकशा, म्हणजे लीड्स, मिळवून देणारी वेबसाइट काढायची आणि दर चौकशीमागे किंवा कमिशनवर पैसे कमवायचे. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

मला वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, जमतं. सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या सगळ्या सेवा, प्लंबरपासून पॅकर्स-मूव्हर्सपर्यंत, एका वेबसाइटवर आणायच्या आहेत. सुरुवात कशी करू? (मिरज)

सगळ्या सेवा आणू नका. तसली डिरेक्टरी देशभर पसरलेल्या मोठ्या कंपन्या आधीच चालवतात, आणि गूगलवर त्यांच्या पुढे जाणं एकट्याला झेपत नाही. एक धंदा घ्या, एक परिसर घ्या.

धंदा निवडताना आधी काम किती रुपयांचं असतं ते बघा. दोनशे रुपयांच्या नळदुरुस्तीत तुम्हाला देण्यासारखं काही उरत नाही. मग बघा, त्या कामाचा माणूस लोकांच्या ओळखीचा असतो का. प्लंबर, इलेक्ट्रिशियन गल्लीत विचारलं की मिळतो; गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बोअरवेल, सेप्टिक टँकची सफाई, वाळवीचा बंदोबस्त यासाठी मात्र माणूस मोबाइल हातात घेतो. छतावरच्या सोलरलाही मागणी आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे चौकशा भरपूर येतात. पण त्यातल्या बऱ्याच जणांना फक्त अनुदानाची माहिती हवी असते, आणि तुमची वेबसाइट सरकारी वाटेल असं नाव किंवा चिन्ह चुकूनही वापरता येत नाही. पहिल्या खेपेला आम्ही वॉटरप्रूफिंग सुचवू.

हिशेब असा मांडा. गच्ची १,००० चौरस फूट, म्हणजे १० ब्रास. ठेकेदाराचा दर चौरस फुटाला ४० रुपये धरला तर काम ४०,००० रुपयांचं. खर्च जाऊन त्याच्या हाती १०,००० उरत असतील, तर एका कामामागे २,००० रुपये देणं त्याला जड नाही. पाच चौकशांतून एक काम जमलं, तर एका चौकशीची किंमत ४०० रुपये झाली. हे आकडे उदाहरणाचे आहेत. खरा दर आणि पाचात किती कामं जमतात हे तुमच्याच ठेकेदाराकडून घ्या. ते कळल्याशिवाय डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नावसुद्धा विकत घेऊ नका.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. दोन महिने वेबसाइट सजवतात, चौकशा येऊ लागल्या की ठेकेदार शोधायला निघतात. तोवर पहिले पंधरा लोक फोनची वाट बघून दुसरीकडे गेलेले असतात. बांधकाम साहित्याच्या किंवा रंगाच्या दुकानात जा आणि वॉटरप्रूफिंगचं केमिकल दर महिन्याला नियमाने कोण नेतं ते विचारा. दुकानदाराला खरा चालणारा ठेकेदार कोण ते बरोबर माहीत असतं, उधारी कोण बुडवतो तेही. अशा पाच-सहा जणांना भेटा आणि त्यांच्या दोन वर्षांपूर्वीच्या दोन गच्च्या स्वतः चढून बघा. एक मुख्य ठेकेदार आणि एक पर्यायी, एवढे ठरले की मग वेबसाइटकडे वळा.

या धंद्याचं वेळापत्रकही समजून घ्या. गच्ची कोरडी ठणठणीत असल्याशिवाय कोटिंग धरत नाही, म्हणून काम मार्च ते मे आणि दिवाळीच्या आगेमागे चालतं. फोन मात्र जून-जुलैत येतात, कारण गळती तेव्हा दिसते. जुलैतली चौकशी ऑक्टोबरात काम बनते, हे ठेकेदाराला आधीच सांगा, नाहीतर महिनाभरात तो म्हणेल की तुमच्या लीड्स फुकट गेल्या. नवी वेबसाइट गूगलमध्ये रुजायला तीन ते सहा महिने धरून चला. उन्हाळ्याचं काम पकडायचं असेल तर पानं दिवाळीपर्यंत तयार हवीत.

पानावर नेमकं काय असावं? लोक येतात, पण फॉर्म भरत नाहीत. (विश्रामबाग, सांगली)

तुमचं पान आम्ही मोबाइलवर उघडून पाहिलं. वर मोठं बॅनर, त्याखाली 'आमच्याविषयी', मग सेवांची यादी, आणि फोन नंबर अगदी तळाशी. ज्याच्या हॉलमध्ये पाणी टपकतंय तो तळापर्यंत जात नाही.

पहिल्या पडद्यावर तीनच गोष्टी ठेवा: काय काम आणि कुठे ('गच्ची, स्लॅब, बाथरूमची गळती: सांगली, मिरज, कुपवाड'), फोनचं बटण, व्हॉट्सॲपचं बटण. फोनचं बटण दाबताच थेट डायल झालं पाहिजे. नंबर चित्रात लिहिलेला असेल तर ते होत नाही. फॉर्मला चार रकाने पुरेत: नाव, मोबाइल, भाग किंवा गाव, गळती कुठे आहे. ईमेल आणि पूर्ण पत्ता विचारलात की माणूस थांबतो.

व्हॉट्सॲपवर फोटो मागवा, आणि कोणते ते पानावर लिहा. छताचा ओला डाग खालून, त्याच जागेची गच्ची वरून, कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तो कोपरा जवळून, पावसाचं पाणी उतरणाऱ्या पाइपचं तोंड. बरीचशी गळती मधल्या कोब्यातून नसते. कठड्याच्या कडेचा वाटा, म्हणजे तिथला सिमेंटचा गोलसर उतार, फुटलेला असतो किंवा पाइपच्या तोंडाभोवती भेग असते. हे चार फोटो आले की ठेकेदाराला घरी न जाता अंदाज येतो, फेरी वाचते, आणि त्या चौकशीला तो जास्त पैसे द्यायला तयार होतो. आमच्या मते पानावरची सगळ्यात कमाईची जागा हीच.

खाली भरीव माहिती द्या. कोटिंगच्या किती थरांना किती दिवस लागतात, काम झाल्यावर गच्चीत पाणी कोंडून २४ ते ४८ तास चाचणी कशी घेतात, हमीपत्रात काय लिहून घ्यायचं, दर कशावर बदलतो. दर लपवू नका; 'अमुक ते अमुक रुपये चौरस फूट' असा पल्ला लिहिला की नुसते भाव विचारणारे गळतात आणि खरे गिऱ्हाईक उरतात.

शब्द लोकांचे वापरा. गूगलच्या शोधखान्यात 'गच्ची गळते', 'स्लॅब लिकेज', 'टेरेस वॉटरप्रूफिंग सांगली' टाका आणि खाली जे पर्याय येतात ते टिपून ठेवा. बरेच जण मराठीच इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, तेही करून बघा. कोणता शब्द महिन्याला किती जण शोधतात ते सांगणाऱ्या गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये सांगलीसाठी '१० ते १००' असा मोघम आकडा दिसतो. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला तो पल्ल्यातच दाखवतात. त्याने खचू नका. महिन्याला चाळीस माणसं शोधत असतील आणि त्यातली आठ तुमच्याकडे आली, तर वरच्या हिशेबाने तेवढ्यात भागतं.

मी जिल्ह्यातल्या साठ गावांची साठ पानं केली, फक्त गावाचं नाव बदलून. आधी थोडी दिसत होती, आता एकही दिसत नाही. (तासगाव)

नाव बदलून केलेल्या अशा पानांना गूगलच्या नियमांत डोअरवे म्हणतात आणि ती स्पॅममध्ये धरतात. मार्च २०२४ मध्ये ढिगाने काढलेल्या निरुपयोगी मजकुराबद्दलचा नियमही कडक झाला. तो हाताने लिहिलाय की यंत्राने, याने फरक पडत नाही. साठातली पंचावन्न पानं काढून टाका आणि त्यांचे वेब-पत्ते मुख्य पानाकडे वळवा.

राहिलेली पाच पानं मात्र खरोखर वेगळी करा. सांगलीच्या गावभागात २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर लोकांना गच्चीपेक्षा तळमजल्याच्या भिंतींची ओल छळते. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, ती तिथल्या माणसाला तोंडपाठ असते. पाणी ओसरल्यावर प्लास्टर किती सुकू द्यायचं, खारवा, म्हणजे भिंतीवर पांढरा क्षार, आला तर काय करायचं, हे त्या पानावर हवं. काळ्या मातीवरच्या घरांचं दुखणं निराळं. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया हलतो आणि भिंतीला तिरक्या भेगा जातात. अशा भेगेवर नुसतं कोटिंग मारलं तर वर्षभरात पुन्हा फुटतं, हे स्पष्ट लिहा. मिरजेच्या पानावर तिथल्याच कामांचे फोटो, मालकाच्या परवानगीने. एखाद्या गावाबद्दल लिहिण्यासारखं वेगळं काही नसेल, तर त्या गावाचं पान नको.

गूगल मॅपवर वेबसाइटच्या नावाने बिझनेस प्रोफाइल काढलं, ते बंद झालं. पुन्हा कसं सुरू करू? (कुपवाड)

करू नका. लीड्स गोळा करणाऱ्या मध्यस्थाला ते प्रोफाइल मिळत नाही, असा गूगलचाच नियम आहे. खोट्या पत्त्याने दुसरं काढलंत तर तेही जाईल. त्याऐवजी ठेकेदाराचं प्रोफाइल त्याच्याच नावाने, त्याच्याच पत्त्यावर आणि त्याच्याच मोबाइलवर काढून द्या. पडताळणीचा व्हिडिओ त्याने स्वतः काढायचा, तुम्ही नुसती मदत करायची. ते त्याचं राहील, तुमचं नाही. तरी त्याचा विश्वास बसतो आणि महिन्याचा सांभाळखर्च तुम्ही वेगळा लावू शकता. रिव्ह्यू मात्र खऱ्या गिऱ्हाइकाकडूनच. नातेवाइकांकडून पाच-पाच तारे टाकून घेणं हा गिऱ्हाइकाशी खोटेपणा आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानकही आलेलं आहे.

काम झालं तर १० टक्के, असं ठरलं होतं. सहा महिन्यांत ३५ चौकशा दिल्या, ठेकेदार म्हणतो एकही काम झालं नाही. (इस्लामपूर)

काम झालं की नाही हे कळायचा मार्ग तुमच्या हातात नाही, तिथे टक्केवारी ठेवलीत. घोळ तिथेच झाला. ठेकेदार प्रामाणिक असला तरी कामाची रक्कम, उधारी आणि अर्धवट सुटलेली कामं यांत हिशेब अडकतो. दर चौकशीमागे पैसे घ्या, आणि तेही आगाऊ. पहिल्या पाच चौकशा मोफत द्या, म्हणजे त्याला माल कळेल. मग दहा चौकशांचे पैसे यूपीआयने आधी, आणि ते संपत आले की पुढचे.

कोणती चौकशी पैशाला धरायची हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. नंबर लागला पाहिजे. माणूस ठरलेल्या परिसरातला हवा. काम वॉटरप्रूफिंगचंच हवं. तोच नंबर ३० दिवसांत पुन्हा आला तर दुसऱ्यांदा पैसे नाहीत. तक्रार असेल तर ४८ तासांत सांगायची, आणि ती बरोबर असेल तर बदली चौकशी द्यायची. उलट बाजूने, ठेकेदाराने कामाच्या वेळेत अर्ध्या तासाच्या आत फोन केला नाही तर ती चौकशी पर्यायी ठेकेदाराकडे जाईल. ही अट सोडू नका. उशिराने केलेल्या फोनमुळे जेवढी कामं जातात तेवढी भावामुळे जात नाहीत.

कॉल मोजण्यासाठी वेबसाइटवर ठेकेदाराचा नंबर न टाकता व्हर्च्युअल नंबर घ्या. तो ठेकेदाराकडे वळतो आणि कधी कॉल आला, उचलला का, किती सेकंद बोलणं झालं याची नोंद तुमच्याकडे राहते. रेकॉर्डिंग करायचं असेल तर सुरुवातीला तशी सूचना ऐकू आली पाहिजे.

गेलेल्या ३५ साठी वाद घालत बसण्यापेक्षा त्यातल्या काही जणांना स्वतः फोन करा आणि 'काम समाधानकारक झालं का' एवढंच विचारा. खरं काय ते कळेल, आणि पुढचा करार कोणाशी करायचा तेही.

फॉर्म भरल्यावर 'धन्यवाद' दिसतं, पण ईमेल कधी येतं, कधी येत नाही. (विटा)

वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून वर्डप्रेस परस्पर मेल धाडतं आणि जीमेल त्याला स्पॅममध्ये टाकतं किंवा घेतच नाही. वर्डप्रेसमध्ये एसएमटीपीचं (मेल पाठवण्याचं) प्लगिन घाला, मेल खऱ्या मेलसेवेतून पाठवा, आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदवहीत, एसपीएफ व डीकेआयएम या नोंदी करा; मेल खरंच तुमच्याकडून आलंय हे त्यांवरून पटतं. 'प्रेषक' म्हणून गिऱ्हाइकाचा ईमेल नको, तुमच्याच डोमेनचा हवा. भरलेला प्रत्येक फॉर्म डेटाबेसमध्येही साठवला जाईल असं करा, म्हणजे मेल बुडालं तरी चौकशी बुडणार नाही. दर सोमवारी स्वतः एक फॉर्म भरून बघा. रोबोटचे फॉर्म येत असतील तर क्लाउडफ्लेअरचं टर्नस्टाइल मोफत आहे. माणसाला कोडी घालत नाही.

गूगलवर जाहिरात दिली, ५,००० रुपये गेले, फोन पुण्या-मुंबईहून आले. (सांगली)

ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मुळात 'त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस असलेले' असा पर्याय निवडलेला असतो. तो बदलून फक्त 'त्या ठिकाणी असलेले' ठेवा. डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाइटांवर जाहिरात दाखवण्याची, खूण काढा. 'नोकरी', 'कोर्स', 'केमिकलची किंमत' हे नकारार्थी शब्दांच्या यादीत टाका, म्हणजे ते शोधणाऱ्यांना जाहिरात दिसणार नाही. आणि दर आठवड्याला एक भागाकार करा: खर्च भागिले चौकशा. ठेकेदार ४०० देत असेल आणि एक चौकशी ३५० ला पडत असेल, तर हाती पन्नासच उरतात; जाहिरात थांबवा आणि पानावर मेहनत घ्या.

मिरजेत दवाखाने एवढे आहेत. पेशंट पाठवून कमिशन घेणारी वेबसाइट चालेल का? फ्लॅटची? वकिलांची? (मिरज)

पेशंटची नाही. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन देणं किंवा घेणं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मना आहे. नियम बाजूला ठेवला तरी, दुरून मिरजेला उपचारासाठी आलेल्या माणसाच्या बिलात आपला हिस्सा घालणं आम्हाला पटत नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमाने जाहिरात करून काम मिळवता येत नाही, आणि जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ऑनलाइन पुरवणाऱ्या पोर्टलांविरुद्ध निकाल दिला आहे. फ्लॅट-प्लॉटबाबत रेरा या घरबांधणी नियमनाच्या कायद्यातली एजंटची व्याख्या 'कोणत्याही माध्यमातून' खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून देणाऱ्यालाही लागू पडते, तेव्हा नोंदणीकृत प्रकल्पासाठी महारेराची एजंट नोंदणी आधी करा. विमा विकायला परवाना लागतो. हे चारही सोडा. हातात भरपूर काम आहे.

एकच चौकशी तिघा-चौघा ठेकेदारांना विकली तर चालेल? तेवढेच जास्त पैसे. (माधवनगर)

फॉर्म भरणाऱ्याला दहा मिनिटांत चार फोन आले की तो चिडतो, चौघांनाही टाळतो, आणि वेबसाइटचं नाव गल्लीत सांगतो. ठेकेदारही भाव पाडून एकमेकांची कामं खराब करतात. परिसर वाटून द्या, एका परिसराला एक ठेकेदार.

शिवाय तो नंबर त्या माणसाने एका कामासाठी दिलेला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती नेमक्या कारणासाठी आणि स्पष्ट सूचना देऊन घ्यायची आहे, आणि ती सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. फॉर्मखाली आधीच खूण केलेली चौकट नको. असं लिहा: 'तुमचं नाव, नंबर आणि फोटो आम्ही फक्त एका वॉटरप्रूफिंग ठेकेदाराला देऊ. तो तुम्हाला फोन करेल. या चौकशीसाठी तो आम्हाला पैसे देतो. माहिती काढून टाकायची असेल तर याच नंबरवर कळवा.' तिसरं वाक्य बरेच जण गाळतात. ते लिहिल्याने फॉर्म कमी येतात ही भीती बाळगू नका. लपवलेलं कमिशन नंतर कळलं की जास्त नुकसान होतं. जुने नंबर काढून सोलरच्या प्रचाराचे फोन करणं तर अजिबात नको.

पानावर ऑनलाइन दुकानांच्या ॲफिलिएट लिंक, म्हणजे त्यांतून खरेदी झाली की तुम्हाला कमिशन देणाऱ्या लिंक, टाकणार असाल, तर तिथेही 'या लिंकवर कमिशन मिळतं' असं लिहा आणि लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' ही खूण द्या. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं, म्हणून पान चालू लागल्यावरच अर्ज करा.

जीएसटी लागेल का? (पलूस)

सेवांसाठी वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांपुढे गेली की नोंदणी लागते. उलाढाल म्हणजे नफा नाही, मिळालेली पूर्ण रक्कम. आणि तुमच्या पॅनवरचे दुसरे धंदेही त्यात धरतात. ठेकेदार कंपनी असेल आणि वर्षाचं कमिशन २०,००० रुपयांपुढे गेलं, तर तो २ टक्के टीडीएस कापेल; हा कापलेला कर विवरणपत्रात दाखवून वळता करून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. ठेकेदाराला दर महिन्याला क्रमांक घातलेलं बिल द्या, सोबत त्या महिन्यातल्या चौकशांची तारीखवार यादी.